फणसाच्या खोडावरचा फणसोंबा: खरा कोणता, ओळखायचा कसा?

तळकोकणी
फणसाच्या जुन्या झाडावर वाढणाऱ्या कठीण, लाकडासारख्या बुरशीला आपल्याकडे फणसोंबा म्हणतात. लहान मुलाची लाळ फार गळत असेल तर सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. काष्ठौषधींच्या दुकानातही तो मिळतो. प्रश्न असा, की एकाच झाडावर तीन वेगळ्या वस्तू दिसताहेत आणि तिन्हींना लोक फणसोंबाच म्हणतात.

(अ) जमिनीपासून सात-आठ फुटांवर, तुटलेल्या फांदीच्या खुंटाखाली. आकार खुरासारखा, वरून काळपट, भेगाळलेली. कडेला गंजाच्या रंगाचा मखमली पट्टा. हाताने अजिबात हलत नाही.
(आ) बुंध्याशी, दोन मुळांच्या बेचक्यात. तांबूस, चकचकीत, आखूड दांडा, खालची बाजू पांढरी.
(इ) वाळक्या फांदीवर ओळीने. पातळ पंखे, खालची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

यातला खरा कोणता? आणि झाडाला धोका आहे का? झाड जिवंत आहे, दरवर्षी फणस धरतात.

रानभूल
फणसावर आला तो फणसोंबा! यात ओळखायचं काय आहे?

काष्ठबुरशी
रानभूल, सगळा घोळ नेमका इथेच होतो. झाडावरून बुरशीचं नाव ठरत नाही. एकाच फणसावर दहा प्रकारच्या बुरश्या येऊ शकतात, आणि फणसावर येणारी बुरशी आंबा, काजू, ऐन यांच्यावरही येऊ शकते. झाडाचं नाव टिपून जरूर ठेवा, पण ओळखीचा पुरावा बुरशीच्या अंगावरच शोधा.

अभ्यासकांनी फणसोंबा म्हणून ज्याची नोंद केली आहे तो फेलिनस गटातला आहे. तळकोकणी, वर्णनावरून तुमचा (अ) त्या गटातला वाटतो, (आ) गॅनोडर्मा आणि (इ) बहुधा हेक्सागोनिया. पण वर्णनावरून वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. खात्रीसाठी एवढं करा:

पहिलं, कापा. बाहेरून बघून सोडून देऊ नका. बारीक दातांच्या करवतीने कडेपासून बुडख्यापर्यंत (म्हणजे बुरशी खोडाला चिकटते तिथपर्यंत) तीन-चार सेंटिमीटर रुंदीची एक फोड काढा. बुरशीचं पूर्ण फळ, म्हणजे बाहेर दिसणारा भाग, उखडायची गरज नाही, उरलेला भाग झाडावर राहू द्या. फोडीचा काप ताजा असतानाच उजेडात बघा. वरचं कवच, त्याखालचा गर आणि गराखालच्या नळ्या असे तीन भाग दिसतील. फेलिनस गटात गर गंजाचा किंवा पिवळसर तपकिरी असतो. बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षं वाढत राहणाऱ्या, जातीत नळ्यांचे थर एकाखाली एक रचलेले दिसतात. गर पांढरा निघाला तर तो फेलिनस नाही, तिथेच थांबा.

दुसरं, छिद्रं मोजा. १० पटीचं भिंग आणि स्टीलची पट्टी पुरे. पट्टी छिद्रांवर टेकवून एका मिलिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते बघा. एकाच जागी मोजू नका, कडेपासून आणि बुडख्यापासून दूर अशा पाच जागा घ्या. फेलिनस गटात बहुतेक वेळा मिलिमीटरला पाच ते आठ येतात, म्हणजे भिंगाशिवाय पृष्ठभाग नुसता मऊ, सपाट दिसतो. हेक्सागोनियात ती इतकी मोठी असतात की एकेक छिद्र सुटं दिसतं.

तिसरं, पोटॅशची चाचणी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे ५ ग्रॅम पापुद्रे ९५ मिली पाण्यात हळूहळू टाका, उलटं करू नका. द्रावण तापतं, म्हणून जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, हातमोजे आणि चष्मा घाला. गरावर एक थेंब टाका. फेलिनसच्या कुळात गर लगेच गडद होऊन काळा पडतो आणि काळाच राहतो.

सूक्ष्मदर्शी
काष्ठबुरशींच्या तिसऱ्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो, कारण या चाचणीवर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात. गॅनोडर्माचा गर तपकिरी असेल तर पोटॅशने तोही काळसर होतो. त्यामुळे 'काळा पडला म्हणजे फणसोंबा' हे चूक. 'काळा पडलाच नाही म्हणजे फणसोंबा नव्हे' एवढाच निष्कर्ष काढता येतो.

दुसरी अडचण खास फणसाची. त्याचा गाभा पिवळा असतो आणि लाकडातला रंग पाण्यात उतरतो. बुडख्याला लाकडाची ढलपी चिकटलेली असेल तिथे थेंब टाकला तर पिवळा ओघळ दिसतो आणि मग चर्चा भलतीकडेच जाते. फोडीच्या मधल्या भागातला, लाकूड न लागलेला गर घ्या.

मृदगंध
बीजाणूंचा ठसा, म्हणजे बुरशीतून गळून खाली उमटणारा भुकटीचा थर, राहिला का? छत्रीच्या अळंबीत तर तोच पहिला सांगतात.

सूक्ष्मदर्शी
मृदगंध, ठसा घ्यावा, पण या कठीण बुरश्यांत तो दरवेळी मिळत नाही. बहुवर्षायू बुरशी वर्षभर बीजाणू टाकत नाही. वाढ चालू असताना, म्हणजे कडेचा पट्टा ओलसर आणि उजळ असताना प्रयत्न करा. फोड छिद्रं खाली करून काचपट्टीवर किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवा, वर वाडगा पालथा घाला, २४ ते ४८ तास हलवू नका. त्याहून सोपं म्हणजे झाडावरच बुरशीच्या खाली फॉइल बांधून ठेवणं.

गॅनोडर्मात तर ठसा घ्यावाही लागत नाही. त्याच्या बीजाणूंची तपकिरी भुकटी आसपासच्या पानांवर, मुळांवर आणि खुद्द बुरशीच्या वरच्या बाजूवर थरच्या थर बसलेली असते. कित्येकांना तो चिखल किंवा रोग वाटतो. तळकोकणी, तुमच्या (आ)वर बोट फिरवून बघा. त्याच्या खालच्या पांढऱ्या भागावर नखाने रेघही ओढा. रेघ तपकिरी उमटली तर गॅनोडर्माकडे आणखी एक पाऊल.

रानभूल
गॅनोडर्मा म्हणजे तेच ना, ज्याच्या गोळ्या आणि कॉफी विकतात? मग फणसोंब्यापेक्षा (आ)च मौल्यवान म्हणायचा!

काष्ठबुरशी
नाही. गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव इंग्लंडमधल्या नमुन्यावरून १७८१ मध्ये दिलेल्या वर्णनापासून चालत आलंय. गॅनोडर्मा ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) कार्स्टेनने १८८१ मध्ये स्थापली. त्यानंतर जगभर जे काही चकचकीत, तांबूस दिसलं त्याला हेच नाव चिकटवलं गेलं. चीनमध्ये औषधासाठी लागवड होते ती वेगळी जात आहे, हे २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी या नावाने मांडलं गेलं. आपल्याकडे फणसाच्या, गुलमोहराच्या किंवा नारळाच्या बुडात येणारा गॅनोडर्मा या दोन्हींपेक्षा वेगळा असण्याचीच शक्यता जास्त. नुसत्या चकाकीवर नाव ठेवून ती पोटात घेऊ नका.

बागायतदार_राजापूर
औषधाचं तुम्ही बघा, मला (आ)ची काळजी वाटते. नारळात गॅनोडर्मा बुडाला दिसला की तो माड गेल्यातच जमा असतो. तमिळनाडूत तंजावर भागात १९५२ मध्ये या रोगाची नोंद झाली, म्हणून त्याला तंजावर मर म्हणतात. आधी खालच्या झावळ्या लोंबतात, बुंध्यातून तांबूस तपकिरी चीक गळतो, आणि बुरशीचं फळ सगळ्यात शेवटी बाहेर पडतं. म्हणजे ते दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. शेजारचे माड वाचवायचे तर रोगट माडाभोवती मीटरभर खोल चर काढून मुळांचा संबंध तोडतात, आळ्यात वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड देतात आणि त्या आळ्याचं पाणी दुसऱ्या आळ्यात जाऊ देत नाहीत. तळकोकणी, फणसाच्या शेजारी माड आहेत का? पाणी पाटाने देता की नळीने?

तळकोकणी
माड आहेत, पंधरा फुटांवर दोन. पाणी पाटानेच.

बागायतदार_राजापूर
मग पाट आधी वळवा. फणसाच्या बुडावरून आलेलं पाणी माडाच्या आळ्यात जायला नको. फणसावरचा गॅनोडर्मा माडावर जाणारी जातच असेल असं नाही, पण पाट वळवायला खर्च काहीच नाही.

निसर्गमित्र_ठाणे
झाडाला धोका किती, हा मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. तो बुरशीच्या नावापेक्षा जागेवर जास्त अवलंबून आहे.

(अ) तुटलेल्या फांदीतून शिरलेली आहे आणि गाभा खाते. गाभ्याचं लाकूड मेलेलंच असतं. पाणी वाहतं बाहेरच्या जिवंत लाकडातून. म्हणून झाड हिरवंगार राहतं, फणसही धरतात आणि आत पोकळी वाढत जाते. (आ) मुळं आणि बुडखा कुजवते. माझ्या मते तीच जास्त गंभीर, कारण झाड वाऱ्याने पडतं ते बहुतेक वेळा बुडातून.

लाकडी हातोड्याने बुंध्यावर सगळ्या बाजूंनी, दर वीतभर अंतरावर ठोका. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळीवर बद्द येतो. बद्द आवाजाची हद्द खडूने आखत जा, म्हणजे पोकळीचा आकार डोळ्यांसमोर येतो. संशय वाटला तर बारीक ड्रिलने रोध मोजणारं यंत्र असलेल्या वृक्षतज्ज्ञाला बोलवा. पोकळ खोडासाठी झाडं कशी मोडतात याचे अभ्यासक मत्तेक यांचा ढोबळ नियम वापरतात: चांगल्या लाकडाच्या भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी झाली की मोडण्याचा धोका वाढतो. खोडाची त्रिज्या ४० सेंटिमीटर असेल तर भिंत निदान १२ सेंटिमीटर हवी. हा नियम खोडासाठी आहे, कुजलेल्या मुळांना लागू नाही. मुळांसाठी बुडाची माती हाताने उकरून मुख्य मुळं टोचून बघावी लागतात.

आणखी एक. बुरशीचं फळ तोडून टाकलं म्हणजे रोग गेला असं होत नाही. बुरशीचे तंतू लाकडात असतात. पोकळीत सिमेंट भरणं तर त्याहून वाईट, ओल अडकते आणि झाड वाऱ्यात हललं की सिमेंट कडेला घासत राहतं. करायचंच तर तुटलेला खुंट फांदीच्या गळ्याशी (फांदी खोडाला मिळते तिथे), गळ्याची फुगवटी शाबूत ठेवून स्वच्छ कापा. कोकणात पाऊस लांबतो, म्हणून छाटणी कोरड्या दिवसांत करा.

मृदगंध
कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची ना? एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

निसर्गमित्र_ठाणे
प्रमाण बरोबर आहे. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं नको. पण ती ताज्या कापावर लावा. आत शिरलेल्या गाभाकुजीवर तिचा उपयोग नाही.

आणि कोणी 'झाडच तोडा' म्हणालं तर घाई नको. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत फणस आहे. स्वतःच्या जागेतला असला तरी परवानगी लागते.

ओळमी_गोंय
आमच्याकडे पावसात ओळमीची धूम असते, पण ती वारुळाची, झाडाची नव्हे. फणसोंबा खातात का?

काष्ठबुरशी
नाही हो, तो लाकडाइतका कठीण, शिजणारच नाही. झाडावरच्या खाण्याजोग्या म्हणजे धिंगरीच्या गटातल्या मऊ आणि कानासारख्या लिबलिबीत ऑरिक्युलेरिया. त्यांची ओळख हा स्वतंत्र विषय आहे, इथे फोटोवरून 'खा' असं कुणी कुणाला सांगू नये. लाकडावर वाढते म्हणून बिनविषारी, ही समजूत तर धोक्याचीच. गॅलरिना लाकडावरच वाढते आणि यकृत निकामी करते. रानातली कुठलीही अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते जास्त गंभीर लक्षण आहे, थेट रुग्णालय गाठा आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

रानभूल
अवांतर: भीमाशंकरला पावसाळ्यात रात्री लाकूड चमकतं, तेही यातलंच का?

सूक्ष्मदर्शी
वेगळं. तिथे सडलेल्या ओल्या लाकडात वाढणाऱ्या मायसिनासारख्या नाजूक बुरश्यांचा प्रकाश असतो. फणसोंबा चमकत नाही. आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, बुरशीसुद्धा.

वैद्या_कुडाळ
फणसोंबा उगाळून लावायची रीत खरी आहे, तो तुरट आहे आणि स्तंभक, म्हणजे स्राव थांबवणारा, म्हणून वापरतात. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

दात येताना लाळ गळणं स्वाभाविक आहे, त्याला औषध लागत नाही. मुलाला गिळायला त्रास होतोय, ताप आहे, एकदम लाळ वाढली, किंवा मोठं होऊनही थांबत नाही, तर उगाळत न बसता बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

दुसरं, बाजारातल्या तुकड्यांचा भरवसा नाही. तुकडे केले की खूर की पंखा, दांडा होता की नव्हता, हे कळण्याची सोयच उरत नाही. एकाच पुडीत तांबूस चकचकीत कवचाचे आणि काळे भेगाळलेले तुकडे दिसले तर ते एका जातीचे नाहीत. पांढरी किंवा हिरवी भुरी आलेला, कुबट वासाचा किंवा भोकं पडून पीठ झालेला तुकडा बाळाच्या तोंडात घालू नका.

रानभूल
पण कोरियात यावर कर्करोगाचं संशोधन झालंय असं वाचलं. फेलिनस लिंटियस.

काष्ठबुरशी
संशोधन झालंय, पण ते फणसोंब्यावर नाही. लिंटियस हे नाव मुळात निकाराग्वातल्या नमुन्याचं. कोरिया आणि चीनमधली तुतीवरची औषधी बुरशी निराळी निघाली, तिला आता सांगहुआंगपोरस म्हणतात. आपला फणसोंबा तिसराच. एकीवरचे प्रयोग दुसरीच्या पुडीवर छापणं ही फसवणूक आहे, आणि आजारी माणसाच्या बाबतीत ती फार महागात पडते.

तळकोकणी
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे बघितलं. निरीक्षणं अशी:

(अ) गर गंजाच्या रंगाचा, नळ्यांचे थर स्पष्ट, पोटॅशने लगेच काळा. पाच जागी छिद्रं ६, ७, ६, ७, ७. फॉइलवर काही पडलं नाही.
(आ) वर तपकिरी भुकटी आहे, बोटाला लागते. नखाची रेघ तपकिरी उमटली. छिद्रं ४ ते ५.
(इ) छिद्रं षटकोनी, मिलिमीटरला एकसुद्धा नीट बसत नाही. गर पातळ, तपकिरी.

थर मोजून (अ)चं वय सांगता येईल का? नऊ दिसताहेत. आणि (अ)चं पूर्ण नाव मिळेल का?

काष्ठबुरशी
व्यवस्थित काम केलंत. (आ) गॅनोडर्मा, (इ) हेक्सागोनिया, आणि (अ) फेलिनस गट. म्हणजे तिघांतला फणसोंबा (अ).

थरांवरून वय काढू नका. थंड प्रदेशात वर्षाला एक थर धरता येतो. आपल्याकडे पाऊस, मधली उघडीप आणि पुन्हा पाऊस अशा चक्रात थर कमीजास्त पडू शकतात. 'नऊ थर' एवढंच लिहून ठेवा.

सूक्ष्मदर्शी
पूर्ण नावासाठी सूक्ष्मदर्शक लागेल. पूर्वी हे सगळं फेलिनस या एका प्रजातीत घालत. २००२ मध्ये वॅग्नर आणि फिशर यांनी डीएनएवरून त्याचे तुकडे पाडले. आता फुलविफोमिस, फस्कोपोरिया, फोमिटिपोरिया अशा वेगळ्या प्रजाती मानतात. त्या अशा वेगळ्या करायच्या:

नळ्यांचा उभा, शक्य तितका पातळ काप ब्लेडने घ्या, पोटॅशच्या थेंबात ठेवा, ४०० पटीत बघा. नळीच्या आतल्या भिंतीवर जाड, गडद तपकिरी, टोकदार काटे दिसतात का? त्यांना सीटी म्हणतात. ते असतील तर फस्कोपोरिया किंवा खऱ्या फेलिनसकडे बघा. नसतील आणि बीजाणू पिवळसर तपकिरी असतील तर फुलविफोमिस. बीजाणू रंगहीन, गोलसर आणि मेल्झरच्या (आयोडीनच्या) द्रावणात तांबूस तपकिरी होणारे असतील तर फोमिटिपोरिया. काटे एका कापात दिसले नाहीत म्हणून 'नाहीत' लिहू नका, वेगवेगळ्या थरांतले निदान पाच काप बघा. जुन्या थरात बीजाणू क्वचितच सापडतात, म्हणून सगळ्यात खालचा, ताजा थर घ्या.

तरीही जातीचं नाव डीएनएशिवाय नक्की होईलच असं नाही. बुरश्यांसाठी डीएनएचा आयटीएस हा भाग २०१२ पासून बारकोड, म्हणजे ओळखीची खूण, म्हणून मान्य आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रह आणि राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रह दोन्ही आहेत. नमुना पाठवण्याआधी त्यांना लिहून अटी विचारा.

मृदगंध
नमुना सुकवायचा कसा? पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही.

सूक्ष्मदर्शी
एक सेंटिमीटर जाडीचे काप करा. अख्खी फोड बाहेरून सुकते, आत ओली राहते आणि बुरशीवरच बुरशी येते. ४० ते ४५ अंशांवर, हवा खेळती ठेवून, ठिसूळ होईपर्यंत सुकवा. त्याहून जास्त तापवलं तर डीएनए खराब होण्याची भीती. मग बंद पिशवीत घालून आठ-दहा दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे आतले भुंगेरे मरतील. हे भुंगेरे राहिले तर काही महिन्यांत नमुन्याचं पीठ करतात. शेवटी कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत. डीएनएसाठी वाटाण्याएवढा आतला तुकडा स्वच्छ ब्लेडने वेगळा काढून सुकवा.

पाकिटावर तारीख, गाव, झाडाचं नाव, झाड जिवंत की मेलेलं, जमिनीपासून उंची, ताजेपणीचा रंग आणि पोटॅशचा परिणाम लिहा. सुकल्यावर रंग बदलतो, मग आठवून लिहिण्यात अर्थ नसतो.

निसर्गमित्र_ठाणे
तळकोकणी, (अ)चा नमुना जाईल तेव्हा जाईल, (आ)कडे या आठवड्यातच बघा. ज्या बाजूला ती आहे तिथली माती वीतभर उकरा आणि पेचकसाने मुळं टोचा. पेचकस सहज आत गेला, लाकूड पांढरट आणि धागे सुटणारं असेल, तर ती बाजू गेली समजा. झाडाचा कल घराकडे किंवा वाटेकडे असेल तर मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत त्या अंगाच्या फांद्यांचा भार हलका करा, आणि तपासणी होईपर्यंत झाडाखाली गुरं बांधू नका.

तळकोकणी
कल वाटेकडेच आहे. उद्या सकाळी उकरतो आणि मुळांचे फोटो इथे टाकतो. पाट आज वळवला.